खोलीचं नाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — देव जाणे. ऐका झालं.

साजिद आणि मी कॉलेजपासूनचे. तो मनमाडचा, मी इंदिरानगरचा. नोकऱ्या न शोधता आम्ही धंदा काढला — द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सेन्सर बसवायचे. तारा-बिरा त्याच्याकडे, डेटाबेस माझ्याकडे. तापमान वाढलं की मालकाच्या मोबाईलवर घंटा वाजायची. काय दिवस होते हो! त्याच्या खटारा स्कूटरवरून पिंपळगावला जायचं, वाटेत मिसळ हाणायची, माझा पाव नेहमी तोच पळवायचा. प्रत्येक सेन्सर तो स्टीलच्या पेल्यात, बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासायचा. शून्य दाखवलं की पेल्याचा मुका घ्यायचा! वेडाच होता.

एका मालकाने कोल्ड स्टोरेजची दुसरी खोली बांधली. आता कसं सांगू... आमच्या डेटाबेसात प्रत्येक नोंदीला एक नाव असतं, म्हणजे मालकाचं, आणि एक वेळ. त्याच नावाची, त्याच क्षणाची दुसरी नोंद आली की पहिली पुसली जाते. साजिद म्हणाला होता, "नोंदीत खोलीचं नाव टाक हां." मी म्हटलं, टाकलं. टाकलं नव्हतं. एवढ्याशा कामाला काय घाई?

पहिल्या खोलीचं मशीन बंद पडलं. तिची गरम नोंद आली की दुसरीची थंड नोंद तिच्यावर बसायची. घंटा वाजलीच नाही. परदेशी जायची द्राक्षं मऊ पडली, मालक आमच्या अंगावर धावून आला. मला कळलं होतं का? हो. लॅपटॉप उघडल्या उघडल्या. आणि तरी मी म्हणालो, "सेन्सर गेला असणार."

साजिदने तिथेच पेला मागवला. सेन्सर बुडवला. शून्य. माझ्याकडे बघून म्हणाला, "बरोबर दाखवतोय यार... पण तू म्हणतो तर असेल." आणि त्याने मालकापुढे हात जोडले. माझी दातखीळ बसली होती — नाही, खोटं कशाला बोलू? बसली नव्हती. मी गप्प राहिलो.

त्याने पुन्हा सेन्सरला हात लावला नाही. मनमाडला भावाच्या दुकानात बसतो. खोलीचं नाव मी त्याच संध्याकाळी टाकलं. धंदा अजून चालतो.

दर ईदला त्याच्या अम्मीकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. यंदा तो स्वतः घेऊन आला. माझ्या मुलीला सांगत होता, "तुझे पप्पा लय हुशार हां. घोळ माझ्याकडून झाला होता."

मी आणखी एक वाटी मागितली.