उचगावच्या लोखंडाची नाळ

मुंबईहून निघताना बायकोनं सुक्या बांगड्यांचं पुडकं माझ्या पेटीत कोंबलं. "रिकाम्या हातानं जाऊ नका," म्हणाली. ज्यांच्याकडे निघालो होतो त्यांना द्यायला माझ्याजवळ दुसरं होतं ते एक वाईट वर्तमान. तेव्हा मीही पुडकं बाहेर काढलं नाही.

मी गोदीतला लोहारकामाचा मिस्त्री. लढाईच्या दिवसांत लोखंडाची अशी चणचण पडली की कुठकुठलं मोडकंतोडकं आमच्या भट्टीवर येऊन पडे. त्यात एकदा कोल्हापूरजवळच्या उचगावहून पुरुषभर उंचीचा एक खांब आला. ऐरण, कानशी, हातोडे, सगळं तापवून ठोकून एकजीव केलेलं. वर चिठ्ठी बांधलेली: 'माझा मुलगा बाबालाल नालबंद रिसाल्याबरोबर बसऱ्याकडे गेला तो परत आला नाही. कबर नाही, म्हणून त्याच्या हत्यारांचा खांब करून वेशीवर उभा केला होता. पाया खचून पडला. आता कामाला लागू द्या. या लोखंडाचे काय झाले तेवढे कळवावे. दस्तगीर नालबंद.'

आम्ही तेव्हा बसऱ्याच्या नदीत फिरायची आरमाराची गस्तीची बोट बांधत होतो. मी तो खांब तिच्या नाळेत घातला. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं, पाणी कापणारं तोंड. आपल्या बंदरावर हे सांगायला नको, पण देशावरचा कुणी वाचील म्हणून लिहितो. बोटींविषयी पत्रात चकार शब्द लिहायची मनाई होती, म्हणून एवढंच कळवलं: 'आपले लोखंड सरकारी कामी लागले. त्याची नाळ झाली. चिंता नसावी.' लढाई संपल्यावर समजलं की ती बोट सुरुंगाला लागून नदीच्या तळाला गेली. बापाला हे पत्रानं कळवायचा धीर होईना, आणि न कळवता चैन पडेना. शेवटी रजा काढली.

मिरजेला गाडी बदलली. कोल्हापूरच्या डब्यात समोर गडहिंग्लजचे एक जैन व्यापारी बसले होते. उन्हं चढली तशी पेटीतल्या बांगड्यांनी स्वतःच आपली ओळख करून द्यायला सुरुवात केली.

"पावणं, पेटीत काय मेलंय काय हो?" त्यांनी विचारलं.

"मासे आहेत. सुके."

त्यांनी उपरणं नाकाला लावलं आणि उठून पार पलीकडच्या बाकावर गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस मनाचा मोकळा. मी कुणाकडे निघालोय ते कळल्यावर तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घोडीला नाल त्योच मारतोय की. त्याची म्हातारी तुमाला पोराच्या लोखंडाचा कागूद वाचाय देईल, न्हाय म्हनू नगा. येईल त्याला वाचाय लावती."

खिडकीतून ऊस दिसे, मग पुन्हा ऊस, आणि मधे कुठे उसाला खंड पडला की गुऱ्हाळाचा धूर. समुद्र कुठल्या बाजूला आहे ते कळेनासं झालं की मला बेचैन व्हायला होतं. कोल्हापूरला उतरलो तेव्हा महाराजांच्या पागेतले घोडे रस्त्यानं फेरीला निघाले होते. एवढे देखणे घोडे मी पूर्वी पाहिले नव्हते. मी टांगा केला. उचगाव जवळ आलं आणि टांग्याचा घोडा लंगडायला लागला. टांगेवाला खाली उतरला, खूर उचलून पाहिला. "नाल निसटलीया. जातोय नालबंदाकडंच न्हवं, बरं झालं," म्हणाला.

दस्तगीरचाचांनी आधी टांग्याच्या घोड्याचा पाय मांडीवर घेतला आणि कडुनिंबाखाली कानस चालवायला लागले. सुकलेला, ताठ म्हातारा. मी नाव सांगितलं, गोदीतून आलो म्हणालो. त्यांचा हात थांबला.

"कागूद तुमीच लिव्हलंता?"

"हो."

त्यांनी टांगेवाल्याला तंबाखू आणायला पाठवलं. मग हलक्या आवाजात बोलायला लागले. आमचं पत्र आलं तेव्हा गावातल्या लिहित्या माणसानं वाचलं, 'त्याची नाल झाली.' माझं मोडी अक्षर आधीच घाईचं, त्यात नालबंदाचं घर. ळ तिथं कुणाला दिसणार? बाबालालच्या आईनं ते ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली. पोराच्या हत्यारांची नाल झाली, ती कुठल्यातरी घोड्याच्या पायात आहे, घोडा चालतोय. पोरगा आपल्याच धंद्याला लागल्यासारखं तिला वाटलं.

"मग बाजारात तुमच्याकडला मिठाचा येपारी भेटला," चाचा म्हणाले. "त्यानं वाचलं. म्हनला, चाचा, ह्यो ळ हाय, ही बोटीची नाळ. मी घरात सांगितलं न्हाय. बाबालाल घोडी नदीपार नेताना बुडाला. पोरगं पान्यात गेलं, त्याचं लोखंडबी पान्यातच घातलं, ह्ये तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांनी खुरावरून एकदा अंगठा फिरवला.

"मला मातुर बरं वाटलं बगा. त्याला पवाय येत न्हवतं. आता पान्यावर हाय म्हनायचं. चालती हाय न्हवं बोट?"

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या लांब मी तेच सांगायला आलो होतो, आणि तोंडून निघून गेलं. बोट बुडाली म्हणून सांगितलं. चाचांनी घोड्याला नाल ठोकून पुरी केली, एकही खिळा वाकडा गेला नाही. मग पाय खाली सोडून म्हणाले, "आत चला. तिला काय बोलू नगा."

बाबालालच्या आईनं, अमीनाचाचींनी, भाकरी, मटणाचं कालवण आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा जाडसर ठेचा) वाढला. खर्ड्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशा त्या हसल्या. बांगड्यांचं पुडकं त्यांनी कौतुकानं उघडलं आणि तितक्याच कौतुकानं ताबडतोब अंगणात नेऊन ठेवलं. जेवण झाल्यावर फडक्यात गुंडाळलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. घड्यांवर कागद विरला होता.

"लई जनांनी वाचलं," त्या म्हणाल्या. "आता ज्यानं लिव्हलं त्याच्याच तोंडानं ऐकू द्या की."

दाराशी चाचा उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर घोड्याकडे बघत होते. मी वाचायला लागलो. 'आपले लोखंड सरकारी कामी लागले.' पुढचा शब्द माझ्याच हातचा, ळ अगदी स्वच्छ दिसत होता. मी वाचलं, "त्याची नाल झाली. चिंता नसावी."

चाचींनी मान डोलावली. मग जरा लाजल्यासारखं विचारलं, "पावणं, कंच्या पायाला मारली हो? फुडच्या का मागच्या?"

"पुढच्या, चाची. सगळ्यांत पुढं."

"व्हय, त्यो फुडंच असायचा," म्हणाल्या आणि पत्र पुन्हा फडक्यात बांधायला लागल्या. त्या घरात त्यांच्याशी मी एवढंच एक खरं बोललो.

चाचा टांग्यापर्यंत पोचवायला आले. माझी पेटी त्यांनी स्वतः वर ठेवली. आतून चाचींनी काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी हसून मोठ्यानं उत्तर दिलं. ते हसू मला बघवेना.

परतीच्या गाडीत माझ्या समोरून कुणी उठून गेलं नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगून आलात?" मी हो म्हटलं. तिला वाटलं, आता तरी मला झोप लागेल. माझ्या मनावर होतं ते मी तिकडे एका म्हाताऱ्याच्या मनावर ठेवून आलो, आणि त्याला ते बायकोपाशीही बोलता यायचं नाही. मी गेलो नसतो, तर दस्तगीरचाचांची बोट अजून पाण्यावर असती.