एकट्या माणसाचा फ्लेक्स

“मी मेलो कधी, तेवढं सांगा. वार सांगा, टाइम सांगा.”

सुदाम हांडे माझ्या काउंटरसमोर उभे राहून ओरडत होते. हातातला झेंडूचा हार त्यांनी काउंटरवर आपटला. पाकळ्या थेट प्रिंटरपर्यंत गेल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकजण लग्नपत्रिकेचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, तोंडासमोर धरून हसत होता. दुसरा कोपऱ्यात भिंतीला चिकटून, भूत बघितल्यासारखा उभा होता.

मी शांत होतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ओरडतं ते नाव चुकल्यावर. नाव बरोबर होतं.

“हार कुठून आणला, सुदामभाऊ?”

“माझ्याच गळ्यातनं. स्टँडसमोर तुमी मला टांगलाय ना, त्या गळ्यातनं.”

आम्ही कागदी, मूळचे जुन्नरचे. पूर्वज हाताने कागद बनवायचे, वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी घोडेगावला फ्लेक्स छापतो. दोन्ही तालुक्यांत असा पुढारी नाही, जो माझ्या मशीनमधून पालथा होऊन बाहेर आला नाही. काहींचे वाढदिवस मी वर्षातून तीनदा छापलेत आणि त्यांच्या आयांनीही कधी हरकत घेतलेली नाही.

तर असा मी, गेल्या वर्षी पुण्याला एका वर्कशॉपला गेलो. विषय होता पर्सनल ब्रँड. पर्सनल ब्रँड म्हणजे तुमचं नाव घेतल्यावर लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा जे येतं ते. शिकवणाऱ्या सरांचे केस इतके गुळगुळीत होते की माशी बसली की घसरून पहिल्या रांगेत पडायची. सर म्हणाले, गर्दी काढा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट ठेवा. फक्त नाव. फोन नंबर देऊ नका, ज्याला गरज आहे तो शोधत येईल. मी सर्टिफिकेट घेऊन आलो आणि दुकानाच्या पाटीवर ‘ब्रँड कन्सल्टंट’ असं वाढवलं.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सुदामभाऊ. निरगुडसरचे. पीक सल्लागार. शेतकऱ्याच्या प्लॉटवर जाऊन, पान उलटं करून बघून, काय करायचं ते सांगणारा माणूस. बहुतेक सल्लागार चार औषधं लिहून देतात. हे म्हणायचे, “काय मारू नका. चार दिस थांबा.” तेही इतक्या हळू, की त्यांचा फोन आला तर मी पंखा बंद करायचो आणि शेजारचा चहावाला स्टोव्ह बंद करायचा.

त्यांची अडचण साधी होती. इथल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीला सीझनसाठी एक सल्लागार नेमायचा होता. मंगळवारी अकराला बोलावलं होतं. समोर होता दुसरा सल्लागार, एक बोलेरोवाला. त्याच्या गाडीच्या दोन्ही दारांवर त्याचाच फोटो. दार उघडलं की तो नमस्कार करतोय असं वाटायचं. सुदामभाऊंना हे काम मिळालं नाही, तर नाशिकला एका औषध कंपनीत सेल्समन म्हणून जावं लागणार होतं. तिकडचा निरोप येऊन पडला होता. म्हणजे जे मारू नका म्हणून आयुष्यभर सांगितलं, तेच दारोदार विकायचं.

“आपल्याला बोलता येत न्हाई, भाई,” ते म्हणाले होते. “लोकांना कळंल असं कायतरी करा.”

मी केलं. चेहरा असा मोठा घेतला की मिशीचा एकेक केस उसाएवढा दिसावा. ब्लॅक अँड व्हाइट. खाली फक्त ‘सुदाम हांडे’. बाकी सगळी जागा मोकळी.

माझी ऑपरेटर सुनीता स्क्रीनकडे बघत म्हणाली, “सर, चार शुभेच्छुक तरी टाकू.”

“पुण्यात असं चालत नाही,” मी म्हणालो.

“लावायचाय घोडेगावला.”

मी दुर्लक्ष केलं. सर्टिफिकेट माझ्याकडे होतं. सोमवारी संध्याकाळी रीतसर परवानगीने बोर्ड स्टँडसमोर चढला. मी खालून बघितला. मलाच भरून आलं. का भरून आलं, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

आता जे मला पाठ असायला हवं होतं ते सांगतो. आमच्याकडे जिवंत माणूस फ्लेक्सवर कधी एकटा नसतो. मधे तो, वर नेते, खाली टपालाच्या तिकिटाएवढे पंचवीस शुभेच्छुक, एखाद्याच्या डोळ्यांवर गॉगल. रंग इतके, की बघणाऱ्याने डोळे मिचकावले पाहिजेत. माणूस एकटा, काळा-पांढरा आणि मोठा झाला, की त्याचा अर्थ एकच. असे बोर्ड मी स्वतः शेकड्याने छापलेत. फक्त त्यावर तारीख असते. या बोर्डावर तारीख नव्हती, म्हणून लोकांनी ती आपापल्या मनाने घातली.

“पहाटंच टोमॅटोच्या प्लॉटवर गेलो व्हतो,” सुदामभाऊ ओरडतच होते. “हिकडं घरी बाया गोळा. बायको म्हनली, ते टोमॅटोत गेल्यात, येत्याल नवापर्यंत. तर त्या आणखी रडाया लागल्या. म्हनल्या, हिला धक्का बसलाय. एकजण तर माझ्या म्होरं बसून मलाच सांगतोय, लई गुणी माणूस व्हता, माझा प्लॉट वाचवला त्यानं. डोळ्यावरचा टॉवेल काढंना. मी खांदा हलवला तवा बेशुद्ध पडला.”

“गुणी म्हणाला ना?” मी म्हणालो. “हेच तर ब्रँडिंग.”

सुदामभाऊंनी हार पुन्हा उचलला. सुनीता माउस न सोडता म्हणाली, “मी चार शुभेच्छुक म्हणाले होते.”

तेवढ्यात कोपऱ्यातला माणूस भिंतीपासून सुटला. “पावणं, मी कंपनीचा क्लार्क,” तो सुदामभाऊंना म्हणाला. “मला चेअरमननी पाठवलंय. तुमचाच श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगायला. फोटो दुकानात असंलच, म्हनले.”

“मिटिंग?” सुदामभाऊंचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“चालू हाय. दोन मिनिटं उभं राहून झालं. आता बोलेरोवाल्याचं बघत्यात.”

सुदामभाऊ खाली बसले. हाताला लागलेली प्लॉटवरची माती तशीच होती. “झालं,” म्हणाले. “गेलो नाशिकला.”

मी त्यांना स्कूटरवर घातलं. वाटेत स्टँडवर एका म्हातारबाबांनी आम्हाला बघून टोपी काढली आणि सावकाश परत घातली. कंपनीच्या ऑफिसात शिरलो तेव्हा दहाबारा जण बसले होते. सगळे उठले. हे स्वागतासाठी नव्हतं. एकाची खुर्ची मागे पडली.

चेअरमन भागूजीअण्णा तेवढे बसून राहिले. त्यांनी सुदामभाऊंच्या पायांकडे बघितलं. चपला जमिनीला टेकल्यात याची खात्री केली. मग विचारलं, “टोमॅटोचं पान वळतंय. काय मारायचं?”

सकाळपासून ओरडून सुदामभाऊंचा गळा तापलेला होता. तो हळू व्हायला तयार नव्हता. “काय मारायचं न्हाई,” ते गरजले. खिडकीवरची कबुतरं उडाली. माझ्या हिशेबाने ती थेट शिवनेरीवर जाऊन बसली. “पानी तोडा. चार दिस थांबा. माझ्यावर भरवसा नसंल तर बोलेरोवाल्याला इचारा, तो धा औषधं लिहून दील.”

अण्णांनी रजिस्टर मागवलं आणि सुदाम हांडे यांच्या नावापुढे सही केली. नाशिकचा विषय तिथे संपला.

धडा घ्यायचा तर इतकाच. माणसाचा ब्रँड त्याने लोकांच्या प्लॉटवर आधीच लावून ठेवलेला असतो. आमचं काम त्याला धक्का न लावण्याचं. ही अक्कल मला जराशी उशिरा आली. त्या दिवशी नव्हती. म्हणून बाहेर पडताना अण्णांना गाठून म्हणालो, “काही म्हणा अण्णा, बोर्डामुळे नाव झालं. काम बोर्डानेच मिळवून दिलं.”

अण्णा चपला घालत होते.

“नाव मागच्या मिटिंगलाच ठरलं व्हतं, भाई. तुमचा बोर्ड बघून खोडलं व्हतं.”