डोळ्यातला लाल उजेड

साठच्या दशकात अकोल्याच्या एका दवाखान्यात मी डोळ्यांची डॉक्टर होते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. थेंब टाकून बाहुली मोठी करायची, बत्तीच्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दिसतील त्या रक्तवाहिन्या लाल-निळ्या पेन्सिलीने कागदावर उतरवायच्या. दुपारपर्यंत मान आखडून जायची. घरी जेवायला बसले तरी डोळ्यांपुढे शिराच. एवढं करून लोक विचारणार काय, तर चष्म्याचा नंबर! अगदी वीट आला होता मला.

अशाच एका दुपारी पातूरची एक फुलं विकणारी बाई सुनेला घेऊन आली. सुनेला सातवा महिना. डोकं दुखायचं, हार ओवताना सुई दिसायची नाही, म्हणून चष्मा हवा होता. मी आत पाहिलं. वाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या, एका जागी रक्त सांडलेलं. रक्तदाब फार चढला होता. आजच भरती करून बाळंतपण केलं नाही तर पोरगी हातची जाईल, आणि केलं तरी मूल वाचेलच असं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

सासू उसळलीच. “डोये दाखवाले आनलं, तुमी पोटावर काहून गेल्या? परवा ओटी भराची हाय. चाल वं पोरी!”

मी काढलेलं चित्र पुढे केलं. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. दुर्बीणच तिच्या हातात दिली, म्हटलं, “तुम्हीच पाहा.” सुनेच्या डोळ्याशी वाकून तिने पाहिलं आणि मटकन खाली बसली.

“रगतच रगत हाय वं माय!”

नवख्या माणसाला त्यातून नुसता लाल उजेड दिसतो. चांगल्या डोळ्यातही तो असतोच. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती सुनेचा हात घट्ट धरून म्हणाली, “करा भरती.” मी गप्प बसले.

मूल गेलं. सून वाचली, तिची नजरही हळूहळू परतली.

वर्षभराने तीच सासू एका गरोदर शेजारणीला घेऊन आली. “पयले मले पाहू द्या,” म्हणाली. पाहिलं आणि रडायलाच लागली, “हिच्याबी डोयात रगत!” शेजारीण पांढरीफटक पडली. मी तपासलं, सगळं ठीक होतं. आता खरं सांगणं भाग होतं. सांगितलं.

ती म्हणाली, “मंग तवा म्या पायलं, ते काईच नोतं?”

“तुम्ही पाहिलं ते काही नव्हतं. मी पाहिलं ते होतं.”

तिने पदराने डोळे पुसले. “बरं झालं तवा नाही सांगतलं, बाई. म्या तिले घरी घेऊन गेली असती.”