दाराजवळच्या खुर्चीवरचा माणूस

दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी आम्ही सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचो. आम्ही म्हणजे मी, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, आणि माझे एक प्राध्यापक मित्र. त्या वर्षी सरकारशी वाकडं आलेल्या कलावंतांवरचे आणि पत्रकारांवरचे, हिंदीत डब केलेले परदेशी सिनेमे निवडले होते.

पहिला सिनेमा एका संपादकाचा होता, त्याच्या वर्तमानपत्राला टाळं लागतं. त्या दिवशी साठीचा एक अनोळखी माणूस आला. नाव आणि फोन नंबर लिहायला मी रजिस्टर पुढं केलं, तर "नंतर लिवतो" म्हणाला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. सिनेमाभर तो एका वहीत लिहीत होता. चर्चेतही गप्प बसून लिहीतच राहिला. पुढच्या महिन्यातही तेच.

"पोलीस खात्याचा माणूस दिसतोय," प्राध्यापक हळूच म्हणाले.

तेव्हापासून चर्चेत मी शब्द जपून वापरू लागले. तिसरा सिनेमा तुरुंगात टाकलेल्या चित्रकाराचा होता. तो आम्ही बाजूला ठेवला आणि एका खानावळीवरची हलकीफुलकी गोष्ट लावली. कुणी सांगितलं नव्हतं. आमचं आम्हीच ठरवलं.

तो माणूस त्याही दिवशी आला, लिहून गेला. मला राहवेना. मी त्याच्या मागोमाग निघाले. यंत्रमागांच्या एका गल्लीत तो थांबला आणि वळला.

"बाई, माज्या मागं कशाला येताय?"

ओशाळले, पण विचारलंच, "वहीत काय लिहिता तुम्ही?"

त्यानं वही उघडून हातात दिली. सगळं तेलुगूत. मला एक अक्षर कळेना.

"सिनेमातली गोष्ट लिवतो. कोण काय बोलतंय ते बी," तो म्हणाला. "गिरणीत होतो तवा आमी गेटवर नाटकं करायचो. मी लिवायचो. संपात पोलिसांनी वह्या नेल्या, परत दिल्या न्हाईत. आता पुन्ना एक नाटक जुळवतोय."

"मग रजिस्टरमध्ये नाव का लिहीत नाही?"

"दारात बसून समद्यांची नावं, फोन घेताय की तुमी. कुणाला देताय, मला काय म्हाईत?"

माझ्याबद्दल कुणाला असा संशय येईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी येऊन मी प्राध्यापकांना फोनवर सगळं सांगितलं.

"तुम्हाला तेलुगू वाचता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

तरी पुढच्या महिन्यात चित्रकाराचा सिनेमा मी लावला. प्राध्यापक तब्येतीचं कारण सांगून आले नाहीत. सिनेमा संपल्यावर तो माणूस पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला.

"जेलात भिंतीवर चित्र काढतोय, पर तांबडा रंग कुटनं आला, ते दाखवलं न्हाई."

"विटेचा तुकडा घासला असेल," मी म्हटलं.

"असंल," तो म्हणाला आणि पुढं बराच वेळ बोलत राहिला. मागच्या रांगेतले दोघे मधेच उठून गेले. ते कोण होते, ते मला आजही माहीत नाही.