बाळाबाईचं नाव

बाळाबाई माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आम्ही तीस वर्षं समोरासमोर बसून चाळण मारली. ती अकराव्या वर्षी कामाला लागली, मी लग्न होऊन आल्यावर. मी चौथीपर्यंत शिकलेली, तिला अंगठा. पण डोकं तिचंच चालायचं. मुकादम हजेरीत चुकला की ती बसल्या जागेवरनं सांगायची, "आप्पा, काल सव्वीस बाया हुत्या, पंचवीस कशा लिवल्या?" आणि तेच खरं निघायचं.

तिची वस्ती बौद्धांची, आमचं घर शेतकऱ्याचं. वखारीत पाण्याच्या घागरी दोन होत्या आणि कुणी कुठली घ्यायची हे कुणी सांगावं लागत नव्हतं. तिच्या घागरीतलं पाणी प्यायला मला चार वर्षं लागली. गाणं घ्यायला तेवढी लागली नाहीत. ते पुढं येईल.

वखारीत धूळ लई. सगळ्या बाया तोंडाला फडकं बांधून बसायच्या आणि फडक्याआडनंच गाणी चालायची. कोण म्हणतंय ते कळायचंच नाही. म्हणून आमच्यात एक चाल पडली होती. जिनं गाणं केलं तिनं शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचं. दुसरीनं ते म्हटलं तरी नाव करणारणीचंच घ्यायचं. बाई आजारी असो, गावाला गेलेली असो, मेलेली असो, तिचं नाव निघालंच पाहिजे. हा नियम कुणी मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही. मी मोडला.

बाळाबाईची लेक उपासना तेव्हा पाच वर्षांची होती. आई कामावरनं आली की पोर नाक धरून लांब पळायची, "वास येतोय तुझा" म्हणायची. त्यावर बाळाबाईनं गाणं केलं.

सात पाण्यांत धुतला, पदर वास सोडीना,
बाळाबाई म्हणे लेकी, आई तुला सोडीना.

पुढं मी नातीला, ऋतिकाला, हेच म्हणून झोपवायची. ती सहा-सात वर्षांची असताना तिनं विचारलं, "आज्जी, हे कुणी केलं?" मी म्हणाले, "मीच की." एवढंच. शेवटची ओळ मी घरात शब्द न घेता नुसती गुणगुणून न्यायची, त्यामुळं नावाचा प्रश्न आला नाही. पोर कौतुकानं बघायला लागली आणि मला ते बरं वाटलं. कौतुकाची सवय चहासारखी असते, एकदा लागली की सुटत नाही.

ऋतिका आता बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत गाणं शिकवते. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून दर वर्षी जानेवारीत खानापूरच्या बाजूला एका माळावर गाण्याचा मेळा भरवतात. माईक नाही, भोंगा नाही. ज्याचा जेवढा गळा तेवढा. लोक तीन दिवस तंबूत राहतात. मी, बाळाबाई आणि कानडी बोलणारी आमची यल्लव्वा, तिघी दोन वर्षं नुसत्या ऐकायला गेलो होतो. तिसऱ्या वर्षी ऋतिकाचा फोन आला, "या वर्षी तुम्ही म्हणायचं."

बाळाबाई म्हणाली, "मला आता दम कुठला? छातीत सगळी तंबाकूच हाय. तू म्हण, मी झील धरते. नाव तेवढं घे माझं."

"घेणार न्हाय तर काय," मी म्हणाले.

तंबू म्हणजे छत्रीचं कापड ताणल्यासारखा. आत वाकून जायचं, बाहेर रांगून यायचं. यल्लव्वाचं अंग मोठं, ती दारात अडकली.

"अगं ढकल की मला!"

"कुठं ढकलू? आत का भाईर?"

"कुठं बी ढकल, साकु, पुरे झालं मला हे!"

शेजारच्या तंबूतली पोरं हसून हसून लोळली. मग त्यांनीच तिला ओढून काढली. आम्ही त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. दुपारभर असंच हसण्यात गेलं. बाळाबाई तर तोंडावर पदर धरून खोकेपर्यंत हसली.

चार वाजता आमची पाळी. शे-सव्वाशे माणूस गवतावर बसलेलं. ऋतिका उठली आणि म्हणाली, "ही माझी आज्जी, यशोदाबाई. तंबाखूच्या वखारीत काम करताना तिनं स्वतः केलेलं गाणं ती म्हणणार आहे. मी याच गाण्यावर वाढले."

बाळाबाईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणीतरी आपली चप्पल घालून चाललंय आणि ती आपलीच का, असा विचार करत माणूस बघतं तसं बघितलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मनात म्हटलं, शेवटच्या ओळीत नाव येतंयच, आपोआप कळंल सगळ्यांना. सुरुवात केली. बाळाबाईनं टाळी धरली, बारीक आवाजात झील धरली. गाणं चांगलं चाललं, खोटं कशाला बोलू. शेवटची ओळ आली तेव्हा समोर ऋतिका मोबाईल धरून बसलेली, डोळ्यात पाणी. आणि माझ्या तोंडनं निघालं, "यशोदा म्हणे लेकी."

बाळाबाई चार अक्षरी, यशोदा तीन. ओळीत एका अक्षराची जागा रिकामी पडली. माझी टाळी चुकली. आणि बाळाबाईनं, तिचं स्वतःचं नाव जिथनं काढून टाकलं होतं तिथं, झिलीतनं एक "गं" घालून ती जागा भरली. यशोदा गं म्हणे. ओळ बरोबर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली बसल्यावर यल्लव्वा म्हणाली, "का गं, नाव चुकलीस न्हवं?"

मी काही बोलायच्या आत बाळाबाईच म्हणाली, "माणसं बघून गोंधळली असंल."

त्या संध्याकाळी ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. "मीठ दे." "दिलं?" "दिलं." भांडली असती तर मीही भांडले असते. तिनं ती सोय ठेवली नाही.

सकाळी पाण्याच्या टाकीजवळ ऋतिका दात घासत होती. तिला मी सगळं सांगितलं. तोंडात फेस तसाच ठेवून ती उभी राहिली. मग चूळ भरून म्हणाली, "म्हणजे मला झोपवायचीस ते पण?"

"ते बी."

"आज्जी, मी सगळ्या जगाला सांगत फिरले गं."

"तुला सांगितलं ते झालं न्हवं आता?"

"मला सांगून काय उपयोग? त्यांच्यासमोर सांग."

लोक उप्पीट घेऊन बसले होते. मी उभी राहून म्हणाले, "कालचं गाणं माझं नव्हं. ह्या बाळाबाईचं हाय." तर लोकांनी कालच्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या! एक पोरगी म्हणाली, "किती मोठं मन आज्जींचं!" माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. मनाचा मोठेपणा सांगायला मी उभी राहिले नव्हते. शेवटी म्हणाले, "अगं मोठं मन कसलं? चोरलं मी. तिचं नाव काढलं आणि माझं घातलं."

मग टाळ्या थांबल्या. सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले.

बाळाबाई उठली. मला वाटलं, माझी बाजू घेऊन काहीतरी बोलेल, काल घेतली तशी. तिनं सूर लावला तशी मी तिच्याबरोबर म्हणायला तोंड उघडलं.

"तू गप बस," ती म्हणाली.

आणि तिनं शेवटच्या दोनच ओळी म्हटल्या. पहिल्या ओळीला दोनदा थांबली. दुसरीत "बाळा" म्हणून खोकली, मग "बाई" म्हणाली, आणि मग उरलेलं. जिच्यामागं मी तीस वर्षं झील धरली ती बाई एकटी दम खात होती आणि मला टाळीसुद्धा धरता येत नव्हती. कुणी मोबाईल वर केला नाही. मी मान वर केली नाही.

त्याच दिवशी परत येताना गाडीत ती यल्लव्वाजवळ बसली. निपाणीत उतरल्यावर आपलं गाठोडं काखेला मारून माझ्याकडं वळली.

"ऋतिकानं मोबाईलवर घेतलेलं कालचं गाणं उपासनापर्यंत पोचलं असंल. तिच्यावर केलेलं गाणं हाय ते. मी तिला काय सांगणार न्हाय. तूच सांग."

"फोन करते."

"फोनवर नगं. जा."

उपासना बेळगावात शाळेत शिकवते, आता तिचीच पोरं मोठी झालीत. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं गेले. सबंध वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते, एकही वाक्य धड जमलं नाही. तिनं दार उघडलं. डोळे सुजलेले दिसले, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"या मावशी," ती म्हणाली. "बसा."

"आधी सांगते, मग बसते," मी उभ्यानंच म्हणाले.