बाबांच्या प्रमाणपत्रातला एक शब्द

अकरावीत असताना मी कारेलीबागेतल्या एका इंग्रजीच्या क्लासला जात होते. आमचं घर पाणीगेटला, शाळा गुजराती माध्यमाची, आणि इंग्रजी म्हणजे घोकायचं आणि परीक्षेत उतरवायचं. क्लासच्या सरांची पद्धत वेगळी होती. ते शब्द फोडायला शिकवायचे. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. मग एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल हे सगळे एकाच घरातले. शब्दाच्या आधी 'इन' किंवा 'अन' लागलं की अर्थ उलटा. दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की आता आपल्याला डिक्शनरीची गरज नाही. औषधाच्या बाटल्यांवरचे, दुकानांच्या पाट्यांवरचे, जे दिसतील ते शब्द मी फोडायची आणि घरात सगळ्यांना ऐकवायची. बाबांना त्याचं फार कौतुक होतं.

बाबा विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. त्या वर्षी तिथे नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणून सांगण्यात आलं. स्वेच्छा कसली! बाबा मीटिंगमध्ये वरच्या साहेबांशी भांडले, पण शेवटी सही करावीच लागली. शेवटच्या दिवशी गळ्यात हार आणि हातात काचेच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र घेऊन ते घरी आले. सोबत त्यांचे दोन मित्र होते, तेही त्याच दिवशी सुटलेले.

आईने चहा टाकला. बाबांनी फ्रेम माझ्या हातात दिली. "वाच गं मोठ्याने. काय लिहिलंय साहेबांनी?"

बाबांना इंग्रजी अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. मी वाचलं. त्यात त्यांच्या 'इनव्हॅल्युएबल' सेवेचा उल्लेख होता. मित्रांच्या कागदांवर त्याच जागी 'फेथफुल' होतं.

"फेथ म्हणजे विश्वास, फेथफुल म्हणजे विश्वासू," मी म्हटलं. मग बाबांच्या शब्दापाशी थांबले. 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान. त्याआधी 'इन'. तेव्हाच गप्प बसता आलं असतं. पण चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं. "बाबा, इन म्हणजे नाही. म्हणजे... तुमच्या कामाला किंमत नव्हती, असं लिहिलंय."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. एक मित्र म्हणाला, "असं कोण लिहील?" मी त्यांनाही 'इनकरेक्ट' आणि 'इनव्हिजिबल'चं उदाहरण दिलं.

बाबा एवढंच म्हणाले, "भांडलो ना मी. त्याचं उट्टं काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फ्रेम घेऊन कारखान्यात गेले. साहेबांच्या टेबलावर ती ठेवून, सगळ्या स्टाफसमोर, "माझ्या कामाला किंमत नाही तर हा कागद तुम्हीच ठेवा," असं सांगून आले. साहेब उठून उभे राहिले होते म्हणे, पण बाबा थांबलेच नाहीत. पुढे जो कोणी घरी येईल त्याला ते हा किस्सा सांगायचे. छाती पुढे काढून सांगायचे.

चारच दिवसांनी सरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. "हा फोडताना पोरं हमखास फसतात," ते म्हणाले. "शेवटच्या 'एबल'कडे बघा. किंमत करता येणार नाही, इतकं मोलाचं." माझे कान तापले. मी वहीत डोकं खुपसलं. सरांनी विचारलं, "समजलं सगळ्यांना?" सगळ्यांबरोबर मीही हो म्हटलं.

घरी जाऊन मात्र सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत तीन आठवडे गेले. बाबा कुणाला तो किस्सा सांगायला लागले की मी आत निघून जायची. मग एक दिवस त्यांचा मित्र निरोप घेऊन आला: साहेबांची बदली झालीय, जुने सगळे त्यांना भेटायला जाणार आहेत, तूही चल. "मी त्यांचं तोंडसुद्धा बघणार नाही," बाबा म्हणाले. मित्र गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हणजे चांगलं लिहिलं होतं?"

"खूप चांगलं. सगळ्यांपेक्षा."

त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल." आम्ही स्कूटरवरून गोत्रीला साहेबांच्या घरी निघालो. साहेबांसमोर काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते.

साहेबांच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. "आवो, आवो," म्हणत त्यांनी आम्हाला बसवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा गुजरातीत म्हणाले, "साहेब, माफी मागायला आलोय. माझं शिक्षण नाही. मी त्या शब्दाचा उलटा अर्थ लावला."

साहेब हसले. वाईट नाही हसले. "मी त्या दिवसापासून विचार करतोय की माझं काय चुकलं. बाकीच्यांचे कागद क्लार्कने टाइप केले, तुमचा मी स्वतः केला होता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इंग्रजी शिकतेस ना बेटा? बाबांना समजवायचं ना!"

आता बोलायचं होतं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, खाली फरशीकडे बघत होते. मी म्हटलं, "हो काका." बस. एवढंच. साहेबांच्या बायकोने माझ्या हातात सरबताचा ग्लास दिला आणि मी तो पूर्ण प्यायले.

साहेबांनी फ्रेम कपाटात जपून ठेवली होती, ती परत दिली. येताना ती मी मांडीवर धरली होती. वाटेत मी "बाबा," म्हणून सुरुवात केली, तर ते म्हणाले, "नीट धर, काच आहे."

ते कधी रागावले नाहीत. आईलासुद्धा त्यांनी साहेबांकडे काय झालं ते सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर घरात इंग्रजी पत्र आलं की ते चष्मा खिशात घालून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचे आणि तिथल्या माणसाकडून वाचून घ्यायचे. मी पुढे इंग्रजी घेऊन बीए झाले, एमए झाले. तरी बाबा पत्र घेऊन, चप्पल घालून बाहेर पडायचे तेव्हा मी घरातच बसलेली असायची.