पालखीच्या दिवशी रेंजची पाळी

डिजिटल कम्युनिकेशन या विषयात मी एकदा नापास झाले, आणि त्यात विषयाचा काहीच दोष नव्हता. महाडजवळच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती, प्रयोगशाळेत एक ऑसिलोस्कोप होता आणि ऑसिलोस्कोपवर प्लास्टिकचं कव्हर होतं. कव्हर काढलं की धूळ बसते, म्हणून ते कोणी काढत नसे. आवाजाचे तुकडे करून त्यांचे शून्य आणि एक कसे होतात, हे आम्ही वरच्या वर्गातल्या मुलींच्या जर्नलमधून उतरवून घेतलं. सगळ्यांच्या प्रयोगात एकच चूक येई. त्याला सर सातत्य म्हणत.

तरीही मी त्या कॉलेजची ऋणी आहे. घराण्यात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच. बिरवाडीत तिघी मिळून एका खोलीत राहायचो आणि चवदार तळ्याजवळच्या दुकानातून नोट्सच्या झेरॉक्स आणायचो. त्या झेरॉक्सवरच पुढच्या खेपेला माझा लेखी पेपर सुटला. राहिली तोंडी परीक्षा. ती हुकली असती तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नव्हता, आणि मुंबईत लिफ्टमन असलेल्या माझ्या बाने पोरगी इंजिनियर झाल्याचं साऱ्या बिल्डिंगला आधीच सांगून ठेवलं होतं.

परीक्षेची सूचना व्हॉट्सअॅपवर आली, ती आदल्या संध्याकाळी. आमच्या तयारीवर कॉलेजचा एवढा विश्वास. बाहेरचे परीक्षक आपल्या शहरातूनच व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेणार होते; ज्याचा चेहरा दिसणार नाही तो गैरहजर. मी तेव्हा शिमग्याला गावी आले होते. पोलादपूरहून कुडपणकडे जाणाऱ्या चढावर आमची वाडी आहे. दुसऱ्या दिवशी पालखी, म्हणजे खाली जायला गाडी नाही. आणि वाडीत रेंज दोनच ठिकाणी येते: वर देवळाच्या अंगणात आणि खाली उंबराजवळच्या कातळावर.

आमच्याकडे झऱ्याचा एक रिवाज आहे. ज्या घरात कार्य असेल, त्या दिवशी झरा त्या घराचा. बाकीच्यांनी हंडा घेऊन तिकडे फिरकायचंही नाही. गावचे मानकरी म्हणजे माझे चुलत आजोबा. त्यांनी हा रिवाज रेंजला लावला.

"उद्या पोरीची परीक्षा हाय," त्यांनी देवळात जाहीर केलं. "कातळावर कोण जायचा नाय. मुंबैकरांनी तर नायच."

"आम्ही काय रेंज खातो काय, आजा?" मुंबईहून आलेला एक काका म्हणाला.

"खाताव तर. गेल्या शिमग्याला सगळी संपवून गेलाव."

गाव शब्दाला जागलं. सकाळी कातळावर मी आणि आई सोडून चिटपाखरू नव्हतं. सगळे वर अंगणात पालखी नाचवत होते. एकूण एक मुंबईकर फोन उंच धरून, मुंबईत राहिलेल्या नातलगांना व्हिडिओवर देव दाखवत होता.

"बँडविड्थ म्हणजे..." परीक्षक म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थिजले. बऱ्याच वेळाने हलले. "तुमचा आवाज तुटतोय. चेहराही दिसत नाही. असंच चाललं तर मला गैरहजर लावावं लागेल."

"सर, थोडा वेळ द्या," मी म्हटलं आणि माइक बंद केला. "आये, वर जा. सगळ्यांना फोन बंद करायला सांग."

"ते कुठं कातळावर आलेत गो? आपली पाळी कोणी मोडली नाय."

हा विषय मी दोन वर्षं पाठ करत होते. कोणाला समजावून सांगायची वेळ आजवर आली नव्हती. "हा झरा नाय आये. ही टाकी हाय, डोंगरापल्याड. देऊळ न् कातळ हे तिचे दोन नळ. वरच्यांनी नळ सोडून ठेवलाय, मला खाली थेंब येत नाय."

आईने पदर खोचला आणि चढणीला लागली. थोड्या वेळाने ढोल थांबला. पालखी नाचत असताना एकही मुंबईकर फोन खिशात घालणार नाही हे ओळखून मानकऱ्यांनी पालखीच खाली ठेवायला लावली होती. परीक्षकांचा चेहरा आता पापणीसकट हलायला लागला.

"आता स्वच्छ दिसतंय. काय केलंत?"

"सर, टॉवर एकच, त्याची क्षमता ठरलेली. ती सगळ्यांत वाटली जाते आणि व्हिडिओला आवाजापेक्षा फार जास्त बिट लागतात. म्हणून गावाचे व्हिडिओ बंद केले."

"गावाचे?"

"हो सर. पालखी थांबवलीय."

त्यांची पापणी हलेना. मला वाटलं, पुन्हा थिजले.

"मग आटपू या," ते म्हणाले. "बँडविड्थचं उत्तर मिळालं." आणखी दोन प्रश्न विचारून त्यांनी मला पास केलं, काठावर. काठ मला पुरेसा होता.

मी धावत वर गेले. पालखी जमिनीवर, ढोलकरी विड्या ओढत बसलेले, मुंबईकर फोन खिशात घालून पोरके झाल्यासारखे उभे.

"झाला का गो?" मानकऱ्यांनी विचारलं.

"झालं आजा. पास."

"मग सोड आता रेंज. मान्सा खोळंबलीत."

दोन वर्षांच्या अभ्यासानंतर यावर मला बरंच काही सांगता आलं असतं. "सोडली," मी म्हटलं, आणि ढोल सुरू झाला.